शिष्यवृत्ती मंजूर झाली, विमानाचे तिकीट कोण काढणार?

परदेशातल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले आणि शिष्यवृत्तीच्या यादीत नाव लागले, की वस्तीत फलक लागतो, विहारात सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. आनंदाचीच गोष्ट आहे. पण सत्काराचा हार सुकायच्या आत त्या घरात हिशेब सुरू होतो. तो हिशेब चळवळीच्या व्यासपीठावर कोणी मांडत नाही. म्हणून तो येथे मांडतो आहे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि त्या साऱ्या देशात मिळून. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या जागा ७५. एवढ्या थोड्या जागांतून जळगाव-धुळ्याच्या पोराने नाव काढले, तरी पैसा लगेच हातात पडत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने १०६ विद्यार्थी निवडले आणि सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे दिली. बाकीच्यांना सांगितले, निधी उपलब्ध झाला तर बघू. इकडे ब्रिटनमध्ये सप्टेंबरला वर्ग सुरू होतात. विद्यापीठ मंत्रालयाच्या निधीसाठी थांबत नाही.

आता खर्च पाहा. इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार रुपये. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाची फी एप्रिल २०२५ पासून ५२४ पौंड झाली. त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या एम.ए.ला साधारण सव्वा ते दीड वर्षाचा व्हिसा मिळतो, म्हणून हा अधिभार दीडपट, म्हणजे १,१६४ पौंड, आणि तोही आगाऊ. या दोनच बाबींचे पावणेदोन लाख रुपयांच्या पुढे जातात. क्षयरोगाची तपासणी, मुंबईच्या खेपा आणि विमानाचे तिकीट वेगळेच. यातले काही नियमाप्रमाणे पुढे परत मिळते. पण आधी भरायचे कोणी? रोजंदारीवर केळीच्या बागेत जाणाऱ्या आईने?

तिकडे पोहोचल्यावर तरी निभावते का? ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून विद्यार्थ्याच्या खर्चाची किमान रक्कम ठरवली आहे ती लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड. नऊ महिन्यांचे झाले अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९. केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या २०२४-२५ च्या नियमावलीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता आहे वर्षाला ९,९०० पौंड! त्या देशाचे सरकार नऊ महिन्यांना जेवढे कमीत कमी मानते, त्याहून कमी रकमेत आपल्या पोराने बारा महिने काढायचे. ज्यांनी हा आकडा ठरवला, त्यांची मुले एवढ्यात राहतील काय?

कोणी म्हणेल, बँका कर्ज देतात. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर बँका साधारणपणे तारण मागतात. आमच्याकडे तारणाला काय आहे? गावठाणातले घर, ज्याचे कागद धड नाहीत. नाहीतर महार वतनाची जमीन, जी नव्या शर्तीची, विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणारी. बँकेचा साहेब सातबारा पाहतो आणि हात आखडतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जमीनजुमला आहे, त्यांच्या मुलाला हीच बँक चहा पाजून कर्ज देते. गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांनी हा फरक एकदा तपासावा.

हे दुखणे नवे नाही. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ साली तिची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. घरी रमाईने काय सोसले, ते सांगायला नको. शिष्यवृत्ती संपते तिथून पुढचा रस्ता कोणीतरी हात दिल्याशिवाय कटत नाही. आज आमच्या पोरांचा नवल भथेना कोण?

सरकारकडे मागण्या स्पष्ट हव्यात. यादी मे महिन्याच्या आत लागावी. निवडीबरोबर हमीपत्र मिळावे. व्हिसा आणि तिकिटाची रक्कम आगाऊ द्यावी. निर्वाहभत्ता त्या-त्या देशाच्या किमान रकमेपेक्षा कमी नसावा. यासाठी मोर्चे काढू, आमदार-खासदारांना जाब विचारू. पण तोवर पोराचे वर्ष वाया घालवायचे काय?

भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र, एस.टी., शाळा, महसूल खाते. खान्देशात आपला नोकरदार वर्ग थोडा नाही, आणि तो आरक्षणामुळेच उभा राहिला. त्यातल्या फक्त शंभर जणांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर वर्षाला सहा लाख होतात. दोन-तीन विद्यार्थी त्यात विमानात बसतात. हे दान नव्हे, बिनव्याजी उसनवारी आहे. शिष्यवृत्तीचे पैसे हाती आले की रक्कम परत करायची आणि ती पुढच्याला द्यायची. हिशेब दरवर्षी विहाराच्या फळ्यावर लावायचा.

मात्र पैशाबरोबर माहितीही हवी. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. मग वाड्यातल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला हाकता येत नव्हते; अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. प्रेम होते, पण कसब नव्हते. म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी पोराचा जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट तयार हवा, आणि सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगने हवे. जे आधी जाऊन आले, त्यांनी मागच्यांचे अर्ज तपासून द्यावेत.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. दरवर्षी त्या दिवशी हजारो भीमसैनिक तिथे जमतात. नेमका तोच काळ पोरांच्या व्हिसाचा आणि तिकिटाचा असतो. येत्या ३१ जुलैला तिथे अभिवादन करू, भाषणे ऐकू, आणि त्याच ठिकाणी या निधीची पहिली पावती फाडू. जयभीम!