दोन रात्रींची रजा

लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. हे ऐकून आमच्या वाचकांना नवल वाटणार नाही, कारण बहुतेकांच्या घरची हीच कथा असते. आमचे बाहेर पडणे म्हणजे चैत्यभूमी, दीक्षाभूमी, गावाकडचे लग्न नाहीतर मयत. बरोबर मुलेबाळे, म्हातारी माणसे, भाकरीचे गाठोडे आणि अंथरुणाची वळकटी. डोंगरावरच्या हॉटेलात जाऊन राहणे हे साहेबलोकांचे काम, अशीच आमची समजूत होती.

जानेवारी २०२५ मध्ये थोरल्या मुलीने आपल्या पगारातले पैसे पुढे केले आणि म्हणाली, "आई-पप्पा, दोन दिवस माथेरानला जाऊन या. दोघंच जा. आजीकडे मी बघते." आजींच्या कपाळाला आधी आठ्या पडल्या. "या वयात कसली मौज?" म्हणाल्या. रात्री मात्र स्वतःची लोकरी शाल काढून पिशवीवर ठेवली. "वर गारठा असतो," एवढेच बोलल्या.

खोलीचे भाडे ऐकले तेव्हा पहिला हिशेब किराण्याचा झाला. एवढ्यात किती दिवसांचे तांदूळ-तेल आले असते! मग कळले की शनिवार-रविवार आणि नाताळची गर्दी टाळली तर भाडे बरेच खाली येते. मंगळवारी निघालो, गुरुवारी परतलो.

लोकलने नेरळ गाठले. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. रुळांतले अंतर जेमतेम दोन फूट आणि सारी वाट सुमारे एकवीस किलोमीटरची. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली, हे पुस्तकांत आहे. ज्यांनी तो डोंगर फोडला त्या मजुरांची नावे काही आमच्या वाचनात आली नाहीत. आम्हाला त्या गाडीची तिकिटे मिळाली नाहीत. म्हणून सामायिक टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरलो.

मोटारगाड्यांची हद्द तिथेच संपते. पुढे लाल मातीचा रस्ता, घोडे, हमाल आणि हातरिक्षा. विजेवरच्या रिक्षा तेव्हा मोजक्याच होत्या आणि त्यांच्यापुढे मोठी रांग लागली होती. आमच्यापैकी एकाचा गुडघा दुखरा. ते हेरून हातरिक्षावाला एक बांधव पुढे आला. "मावशींना बसवा काका, मी आणि माझा जोडीदार अलगद नेतो."

हातरिक्षा म्हणजे एकाने पुढून ओढायची, दुसऱ्याने मागून ढकलायची आणि चढावर दोघांनी धापा टाकायच्या. आम्ही म्हटले, "नको दादा, माणसाने ओढलेल्या गाडीत आम्हाला बसवणार नाही." तो रागावला नाही. म्हणाला, "तुमचं मन चांगलं आहे काका. पण सगळेच असं म्हणून चालत गेले तर माझ्या चुलीवर काय शिजेल?"

आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. आयुष्यभर आम्हीही हातापायांवरच पोट भरले आहे. शेवटी पिशवी त्याच्या हाती दिली, मजुरी तो म्हणेल ती ठरवली आणि तिघे मिळून सावकाश चालत निघालो. वाटेत त्याने सांगितले की तो पायथ्याच्या वाडीतून रोज डोंगर चढून येतो. उतारावर माणूस बसलेली रिक्षा आवरताना छातीत कळ येते, म्हणाला. आमच्या गुडघ्यासाठी तो दोनदा थांबला. त्याचे स्वतःचे गुडघे आमच्याहून वाईट होते.

हॉटेल साधेच होते. गरम पाणी ठरल्या वेळी बादलीने मिळे. पहाटे पाचला सवयीने जाग आली, पण डबा करायचा नव्हता, पाळीही गाठायची नव्हती. शाल पांघरून व्हरांड्यात बसलो. चहा दुसऱ्या कुणीतरी आणून दिला, तेव्हा उगाच अवघडल्यासारखे झाले. ठेवलेली केळी माकडांनी पळवली आणि आम्ही पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसलो.

रात्री जेवायला बसलो तेव्हा पोऱ्याने विचारले, "काय आणू?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. पंचवीस वर्षांत मुलांना काय आवडते, आजींना काय पचते, हे तोंडपाठ झाले होते. जोडीदाराला काय आवडते हे दोघांनाही धड सांगता येईना! त्या रात्री पहिल्यांदा ते विचारले. दुसऱ्या दिवशी पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय पाहिला, शार्लोट तलावाकाठी बसलो. शाळेची फी, घराचा हप्ता हे विषय काढायचे नाहीत असे ठरवले आणि जवळजवळ पाळले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये, कारखाना कायद्यात भरपगारी सुटीची तरतूद झाली. कामकऱ्याला विसावा हवा, हे कायद्याने मानले. आपण मात्र रजा साठवतो, ती आजारपणात आणि मयतीत संपवतो आणि एकमेकांसाठी दोन दिवस काढायला लाजतो.

परत आलो तरी त्या बांधवाचा प्रश्न मनातून जाईना. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. आम्हाला त्यातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटली. या लोकांचे पोट मारू नका, सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने चालवायला द्याव्यात आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. चुलीवर काय शिजेल, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नव्हते. ते इथे मिळाले.

तेव्हा बंधुभगिनींनो, भिशीतून दर महिन्याला थोडे बाजूला टाका आणि हिवाळ्यात आडवारी दोन दिवस दोघेच जाऊन या. स्वेटर, कानटोपी, गुडघ्याचे तेल आणि टॉर्च विसरू नका. तिथे तुमचे ओझे उचलणाऱ्याला, चहा आणून देणाऱ्याला आपल्यातलाच माणूस समजा. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. तो बांधव विजेच्या रिक्षावर भेटला तर या वेळी मात्र खुशाल बसू आणि पूर्ण भाडे देऊ.