आवड कोणाची, उत्तर कोणाचं?

आयईएलटीएसच्या क्लासमध्ये स्पीकिंगची सराव परीक्षा होती. प्रश्न सोपा, "कोणतं संगीत ऐकतेस?" मी ऐटीत ठोकून दिलं, "कोल्डप्ले!" पुढचा प्रश्न आला, "का आवडतं?" झालं! कॉन्व्हेंटचं सगळं इंग्लिश घशातच अडकलं.

खरं सांगू? मुलुंडहून लोकल, मग घाटकोपरहून अंधेरीची मेट्रो, या प्रवासात माझ्या कानात असतं ते आजीमुळे लागलेलं गीतरामायण. गदिमांची ५६ गीतं, बाबूजींचं संगीत, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गीत. यावर दोन मिनिटं काय, दहा मिनिटं बोलले असते! पण वाटलं, परीक्षक काय म्हणेल?

गंमत म्हणजे या परीक्षेत आवडीला मार्कच नाहीत. बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार एवढंच बघतात. परीक्षकाला गदिमा माहीत नाहीत? उत्तमच! त्याला समजेल असं सांगणं हीच तर परीक्षा. लाज वाटते ती आपली आपल्यालाच, आणि दोष देतो इंग्लिशला.

माझं मत विचाराल तर भाषा त्यांची असू दे, उत्तर मात्र आपलं हवं. बघा, पटतंय का!