अंगठा आणि अक्षर

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा मोठा जमाव सावकारांच्या दारी जाऊन उभा राहिला. त्यांचा मुख्य रोष होता तो सावकारांजवळील कर्जरोख्यांवर. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. जेथे सावकारांनी रोखे निमूटपणे हवाली केले, तेथे बहुधा कोणास इजा झाली नाही. कागद जाळून लोक घरोघर परतले. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध आहेत.

कापसाचे उतरलेले भाव आणि वाढलेला शेतसारा यांनी शेतकरी आधीच पिचला होता, हे खरेच. परंतु कागदांवरच हा राग का निघाला? कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे, हे ज्याच्या नावे ते लिहिले होते त्यालाच वाचता येत नव्हते. तो आपली नांगराची निशाणी करी किंवा अंगठा उठवी, आणि आपल्या जमिनीचे भवितव्य दुसऱ्याच्या लेखणीवर सोपवी. १८७९ साली सरकारने जो कायदा केला, त्यात या दुखण्यावर नेमका इलाज सुचविला होता. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम निबंधकासमोर व्हावा, परतफेडीची पावती मिळावी, आणि मागणी केल्यास हिशेबाचे पासबुकही मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या. आपला हिशेब आपल्याला समजणे हा कर्जदाराचा हक्क आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

त्यानंतर काळ फार पालटला. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन बँक खेड्यांकडे वळली. २०१४ साली प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत तिच्यातील खात्यांची संख्या ५० कोटींपलीकडे गेली. २०१६ पासून यूपीआयची सोय झाली. आज भाजीवालीच्या पाटीपाशीही चौकटींचे चित्र लावलेले दिसते आणि क्षणार्धात पैसे तिच्या खात्यात जमा होतात. निवृत्तिवेतन किंवा अनुदान मधल्या हातांना न लागता थेट खात्यात येते. हा लाभ लहान नाही, आणि जुन्याच्या मोहाने त्यास नावे ठेवणे शहाणपणाचे होणार नाही.

तथापि, खाते उघडले म्हणजे मनुष्य अर्थव्यवहारात सामील झाला, असे मानता येईल काय? गावातील बँकमित्राच्या यंत्रावर एखादी वृद्धा बोट टेकविते. पडद्यावर किती रकमेचा आकडा उमटला, हे तिला वाचता येत नाही. मागावयाचा संकोच वाटतो म्हणून ती पावती मागत नाही. बँकमित्र सचोटीचा असेल तर तिचे पैसे सुखरूप राहतील. तो तसा नसेल तर? दीडशे वर्षांपूर्वीचा अंगठा कागदावरून काचेवर आला, एवढाच फरक झाला, असे खेदाने म्हणावे लागेल. जो व्यवहार दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर सर्वस्वी अवलंबून असतो, त्यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणतील, की अडाणी माणसांच्या हाती ही यंत्रे द्यावीतच कशाला? या शंकेस सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी पूर्वीच उत्तर दिले आहे. श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा सभासद स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरविली. आणि व्याजाचा हिशेब आपण तोंडी करून दाखवू, असे अधिकाऱ्यांस बाणेदारपणे सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या स्त्रियांना हिशेबाची बुद्धी उपजतच होती. उणीव होती ती अक्षरांची, आणि ती प्रयत्नाने भरून निघाली.

म्हणून या कार्यातील मोठा वाटा शासनाचा व बँकांचा आहे, हे मान्य केले तरी थोडा वाटा घराघरांतील शिकलेल्या मुलामुलींकडेही येतो. आजीचा फोन हाती घेऊन तिचे काम झटकन उरकून देणे सोपे असते. पण त्याने ती अधिकच परावलंबी होते. फोन तिच्याच हाती राहू द्यावा आणि आपण शेजारी बसावे. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही, हे तिला समजावून सांगावे. तो क्रमांक तिने आपल्यालाही सांगू नये, हेही सांगावे. पावती मागण्यात संकोच कसला, रक्कम कोठे पाहावयाची, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कसे कळवावयाचे, हे पुन्हा पुन्हा दाखवावे. ती चुकेल, विसरेल. तरी कंटाळू नये. आपल्याला अक्षरे शिकविताना वडील मंडळी कंटाळली नव्हती.

देशात किती खाती उघडली, याची मोजदाद बँका ठेवतीलच. परंतु आपल्या खात्यात काय आले व काय गेले, हे ज्या दिवशी गावातील शेवटच्या माणसास स्वतः पाहून सांगता येईल, त्या दिवशीच १८७५ च्या त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे खऱ्या अर्थाने निवारले गेले, असे म्हणता येईल.