बैठक आणि बाटली

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांतून ‘पब’ नावाची जुनी मद्यगृहे असतात. ‘पब्लिक हाऊस’ या शब्दांचे ते लघुरूप. अर्थ सार्वजनिक घर. संध्याकाळी म्हातारी मंडळी तेथे येतात, ठरलेल्या कोपऱ्यात बसतात आणि एका पेल्यावर तास-दोन तास गप्पा करतात. आपल्याकडे याचे जवळचे भावंड गोव्यात सापडते. तेथील लहानशा जुन्या मद्यगृहाला ‘तावेर्न’ म्हणतात. एखादी खोली, दोन-चार बाके, काजूच्या बोंडांपासून गाळलेली फेणी आणि गावातली ओळखीची माणसे, एवढाच त्याचा पसारा. या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आमच्या उमापुरात समुद्र नाही आणि फेणीही नाही. मात्र गेवराई तालुक्यातील कोणत्याही मोठ्या गावाप्रमाणे येथील माणसालाही देशी दारूचे दुकान आणि हमरस्त्यावरची ‘परमिट रूम’ या जागा ठाऊक आहेत. या पाटीमागची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी व्यक्तीला परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो. पेला हाती घेणारा माणूस कायद्याच्या कागदावर जणू औषधच घेत असतो! वैद्यकशास्त्राचे मत याच्या नेमके उलट आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मग साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस तेथे का जातो? बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुलगा जातो, सून जाते, कित्येकदा नातवंडेही जातात. मार्च-एप्रिलपर्यंत घरात म्हातारा-म्हातारीच उरतात, आणि जोडीदार हयात नसेल तर एकटा जीव. दिवस कसाबसा सरतो. संध्याकाळ सरत नाही. अशा वेळी नावाने हाक मारणारे कोणी जेथे भेटते, तेथे पाय वळतात. पिण्याची गोडी असतेच, परंतु अनेकांच्या बाबतीत तिच्या आधी बैठकीची गरज असते. हे समजून न घेता केवळ बाटली हिसकावून घेतली, तर गरज तशीच राहते आणि दुसरी बाटली येते.

म्हातारपणी मात्र या बैठकीची किंमत फार वाढते. वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो; त्यामुळे चाळिशीत जेवढी घेतली तेवढीच सत्तरीत घेतली, तरी रक्तातील मद्याचे प्रमाण अधिक चढते. मेंदू त्याला लवकर बळी पडतो. तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. ‘थंडीत ऊब येते’ ही समजूतही खोटी आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने गरम वाटते खरे, पण शरीरातील उष्णता बाहेर पडत असते. झोप लवकर लागते, पण मध्यरात्री मोडते. लघवीला उठताना अंधारात पडण्याचा धोका उरतोच.

मापाचा हिशेबही पाहू. इंग्लंडमध्ये मद्याचे एक ‘युनिट’ म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आठवड्याला नियमितपणे १४ युनिटांपेक्षा अधिक घेऊ नये, असा तेथील सल्ला २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच आहे. तेथील पबमध्ये व्हिस्कीसारख्या मद्याचे नेहमीचे माप २५ मिलीलिटर, म्हणजे सुमारे एक युनिट. आपल्याकडील ‘लार्ज’ ६० मिलीलिटरचा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल, तर त्यात अडीच युनिटे होतात. १८० मिलीलिटरच्या एका ‘क्वार्टर’मध्ये साडेसातहून अधिक. म्हणजे दोन क्वार्टरमध्ये आठवड्याची मर्यादा ओलांडली जाते. ‘बाबा रोज थोडीच घेतात’ असे सांगणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. शिवाय ही मर्यादा धडधाकट प्रौढांसाठी आहे. औषधे चालू असलेल्या वृद्धांना तिचा आधार घेता येत नाही.

औषधांमुळे धोका कसा वाढतो, हे काळजीवाहूंनी विशेष ध्यानात ठेवावे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि उपाशीपोटी मद्य घेतले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तोंडाला वास येतो, बोलणे अडखळते, घाम फुटतो; घरचे म्हणतात, ‘पिऊन पडलेत, झोपू द्या.’ असे झोपू देणे जिवावर बेतू शकते. ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ७० पेक्षा कमी असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास उभे राहताच भोवळ येते. झोपेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो. ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारी इतर औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी गोंधळ, सुस्ती, चालण्यात फरक दिसतो. तेव्हा पडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या वृद्धाची दारू एका रात्रीत, घरच्या घरी, बंद करू नये. काही तासांतच हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. पाय मोडून दाखल केलेले वडील तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलू लागतात, तेव्हा पुष्कळदा यामागे अचानक तुटलेली दारू असते आणि कुटुंबाने लाजेपोटी ती लपविलेली असते. दाखल करतानाच डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा. व्यसन सोडविण्याचे काम वैद्यकीय देखरेखीखाली, थायमिन जीवनसत्त्व आणि योग्य औषधे देऊन सुरक्षितपणे होते. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

राहिला प्रश्न बैठकीचा. पब असले म्हणजे एकटेपणा मिटतो, असेही नाही. गावोगाव पब असलेल्या ब्रिटनमध्येही २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवावी लागली. आपल्याकडे पार आहे, मंदिराचा ओटा आहे, चावडी आहे, हरिपाठ आणि भजनी मंडळ आहे. जागांची उणीव नाही; तेथवर नेणाऱ्या माणसाची असते. म्हणून संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ जपा. शेजाऱ्याने जाताना हाक मारावी. चहाचा पेला, वर्तमानपत्र, पत्त्यांचा डाव चालेल. म्हातारीलाही तिच्या मैत्रिणींत बसू द्या. तिचा एकटेपणा दिसत नाही, एवढाच फरक. कारखान्यावर गेलेल्या मुलाने रात्री झोपताना करायचा फोन संध्याकाळीच करावा आणि पाच मिनिटे ऐकून घ्यावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ हा क्रमांकही घरात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

घरातील वृद्ध पीत असतील, तर रागावण्यापूर्वी शांतपणे तीन गोष्टी विचारा: किती घेता, कोणाबरोबर बसता आणि घरी असताना कोणत्या वेळी करमत नाही? पहिले उत्तर डॉक्टरांना कळवा. उरलेल्या दोन उत्तरांवर उपाय करणे मात्र तुमच्याच हाती आहे.