कासवांच्या घरट्यावर सावली हवी

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांना पूर्वी धोका होता तो कोल्ह्याकुत्र्यांचा आणि माणसाचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ साली संवर्धनाला सुरुवात केली, तेव्हा अंडी सर्रास चोरीला जात. आज त्याच गावातले कासवमित्र पहाटे वाळूवरचा माग काढत घरटे शोधतात आणि त्यातली शंभरेक अंडी जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. कासव महोत्सवामुळे पर्यटक येऊ लागले, घरोघरी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली, गावात चार पैसे आले. नुसत्या कायद्याने हे साधले नसते.

आताचा धोका मात्र कुंपणाच्या आत, वाळूतच आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या मधल्या काळात वाळू किती तापते यावर ठरते. साधारण २९-३० अंश सेल्सिअसला दोन्ही जवळपास सारखे; त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या. तापमान ३५ अंशांच्या आसपास टिकून राहिले तर पिल्ले अंड्यातच दगावू लागतात. हंगामात उशिरा घातलेल्या अंड्यांना तर एप्रिल-मेचा उन्हाळा गाठतोच.

किनाऱ्यावर घरटी विखुरलेली असतात; कुठली ओलसर वाळूत, कुठली तापलेल्या. हॅचरीत ती सगळी एका चौकोनात येतात, त्यामुळे जागा चुकली तर फटका सगळ्यांनाच. झावळ्यांची किंवा शेडनेटची सावली, वाळूत पुरलेले तापमापक हे उपाय फार खर्चाचे नाहीत. मात्र न मोजता सरसकट सावली धरणे हाही अंदाजपंचे कारभारच.

महोत्सवाचीही एक अडचण आहे. पिल्ले बहुधा रात्री, वाळू निवल्यावर वर येतात; पर्यटकांना ती दाखवायची सकाळ-संध्याकाळी. टोपलीखाली ताटकळणारे पिल्लू पोहण्यासाठीची शक्ती तिथेच धडपडून खर्च करते. पर्यटकांना पहाटे उठवणे त्या मानाने सोपे.

दर हंगामात किती पिल्ले सोडली, याचा आकडा बातम्यांत येतो. त्यात नर किती, हे पिल्लू नुसते पाहून कळत नाही. घरट्याच्या तापमानाची रोजची नोंद असेल तरच अंदाज बांधता येतो. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, म्हणजे आजची चूक तोवर दिसणारही नाही. तापमापक आणि नोंदवही प्रत्येक हॅचरीत पुढच्या हंगामाआधी पोहोचायला हवी.