नेणारे आणि नेलेल्या

मराठीतलं एक क्रियापद आपण बायका फार सहज वापरतो. 'यांनी मला महाबळेश्वरला नेलं.' 'मुलानं काशीला नेलं.' 'जावयानं विमानानं नेलं.' गुरं बाजाराला नेतात, सामान घरी नेतात आणि बायकोला सहलीला नेतात. 'मी गेले' असं म्हणणारी बाई आमच्या मावळात एक तर माहेरी गेलेली असते, नाहीतर कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला, नाहीतर वारीला. बाकी सगळीकडे तिला नेलेलं असतं.

हे क्रियापद हल्ली विमानात चढलं आहे, आणि तेही पुढच्या, महागड्या वर्गात. वडगाव, कामशेत, तळेगाव, कुठल्याही नाक्यावर उभ्या राहा. वाढदिवसाच्या आणि निवडीच्या फलकांमध्ये एखादा फलक 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' असाही दिसतो. वर त्याचं नाव, त्याची पदवी, त्याचा गॉगल. खाली लिहिलेलं असतं 'सपत्नीक'. तिचं नाव नाही. पंधरा फुटांच्या फलकावर तिच्या नावाला जागा पुरत नाही म्हणे!

माझा धाकटा भाऊ असाच सपत्नीक अमेरिकेला जाऊन आला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. बिझनेस क्लासनं. दोघांच्या तिकिटाला मिळून आठ लाखांच्या जवळपास पडले, हे मला त्यानं सांगितलेलं नाही. सगळ्या गावाला सांगितलं, त्यातून माझ्या कानावर आलं. 'बायकोला बिझनेस क्लासनं नेली,' हे वाक्य गेले काही महिने आमच्या भावकीत टाळीसारखं वाजतं आहे.

आता पैसे आले कुठून, ते सांगते. मावळात हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. जमिनीतून. या तालुक्यातून आधी रेल्वे गेली, मग महामार्ग, मग २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. तळेगावात कारखाने आले, पवन मावळात, नाणे मावळात, पार अंदर मावळापर्यंत बंगल्यांच्या योजना आल्या. ज्या खाचरांत आमच्या आयांनी गुडघाभर चिखलात वाकून भात लावला, त्यांचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. लावणी बायकांची, बेणणी बायकांची, कापणीलाही बाया. सातबारा मात्र पुरुषाचा.

आमची दहा एकर. वडील २०१४ साली गेले. मागे आई, भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी. कायद्यानं पाचही जणांना सारखा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन-दोन एकर. यात कुणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. पण २२ जून १९९४ च्या आधी ज्यांची लग्नं झाली त्यांना वगळलं. आमची थोरली त्यातच सापडली होती. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. वडील २००५ साली हयात असलेच पाहिजेत का, यावर पुढे कितीतरी वर्षं कोर्टांत घोळ चालला. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं संपवला. मुलीचा हक्क जन्मानं, बाप कधी गेला यावर तो अवलंबून नाही. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं पुरता उभा आहे. तो वडगावच्या रस्त्यावर गाडीत बसवून आणलेल्या बहिणीच्या शेजारी मात्र उभा नसतो.

कारण तिथे दुसरा एक कागद तयार असतो. हक्कसोडपत्र! नावच बघा ना. हक्क 'सोडायचा'. जसा उपास सोडतात, पदर सोडतात, तसा. वारसनोंदीत बहिणींची नावं लागली की महिन्या-दोन महिन्यांत भाऊ साडी घेऊन येतो. 'ताई, नुसती सही आहे. माहेर तुझंच आहे.' २०१६ साली माझ्या दोघी बहिणींनी सह्या केल्या, आईनं अंगठा दिला. दोनशे रुपयांचा स्टॅम्प, वर दुपारचं जेवण आणि दोन पैठण्या. सहा एकर जमीन आई आणि बहिणींच्या नावावरून भावाच्या नावावर गेली.

मी सही केली नाही. माझा पाचवा हिस्सा वाटप करून वेगळा काढून घेतला, त्यात तीन वर्षं गेली. तेव्हापासून भाऊबीजेला मला बोलावणं नसतं. आमच्याकडे बहिणीला दोन गोष्टी मिळू शकतात, हिस्सा किंवा माहेर. दोन्ही मागणारी बाई हावरट.

'जळते झालं!' हे म्हटलं जाणार हे मला माहीत आहे, म्हटलंही गेलं आहे. तेव्हा वहिनीबद्दल काय वाटतं ते स्पष्टच लिहिते. कामशेतला एका लग्नात ती भेटली. घरचं कुणी जवळ नाही असं बघून माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, ''वन्सं, त्या खुर्चीची खाट होते हो. बटण दाबलं की पाय वर. मुंबईहून न्यूयॉर्क सोळा तास. सोळा तासांत मला कुणी ऊठ म्हणालं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.'' मग थोडं थांबून, ''ती पोरगी मला विचारायची, काय खाणार? पण सांगायचे हेच.''

पंचवीस वर्षं पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला सोळा तास आडवं पडायला मिळालं, यात मला राग कशाचा यावा? आमच्याच चळवळीतल्या एका मुंबईच्या मैत्रिणीनं हे ऐकून नाक मुरडलं. एवढ्या पैशात किती मुलींची शिक्षणं झाली असती, ही चंगळ आहे, वगैरे. मला हे पटत नाही. काटकसरीचा उपदेश नेहमी बाईच्याच खुर्चीपाशी येऊन का थांबतो? बाईच्या पाठीला आराम मिळाला की लगेच आपल्याला दुष्काळ आठवतो. त्या खुर्चीतल्या गादीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ती खुर्ची कुणाच्या मोठेपणासाठी विकत घेतली, यावर. वहिनीला गुडघेदुखी आहे. गेली सहा वर्षं ती एसटीच्या मागच्या बाकावर बसून डॉक्टरकडे जाते. तिच्या गुडघ्यांची एवढी कणव होती, तर दारात उभ्या असलेल्या गाडीतून तिला सहा वर्षांत कुणी का सोडलं नाही? कारण एसटीत बसलेल्या बायकोचा फोटो कुणी पाहत नाही.

शिवाय ती अठरा दिवस तिकडे होती, तेव्हा इकडच्या दोन म्हशी, भावाची शाळकरी मुलगी, देवपूजा, येणंजाणं हे कुणी केलं? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईनं, आणि त्यासाठी सासरहून बोलावून घेतलेल्या थोरल्या भाचीनं. एका बाईच्या अठरा दिवसांच्या विश्रांतीसाठी दोन बायका राबल्या. भावाच्या कामांचा कुणाला बदली माणूस द्यावा लागला नाही, एवढंच नोंदवते.

शिकलेल्यांच्या घरात हे नसतं, असं कुणी म्हणेल. लोणावळ्यात ज्यांचे बंगले आहेत अशा काही घरांशी माझा कामानिमित्त संबंध येतो. तिथली तऱ्हा वेगळी. नवऱ्याला कंपनी पुढच्या वर्गाचं तिकीट देते. बायको आणि मुलं स्वखर्चानं मागे. मधे पडदा. एक बाई हसत हसत सांगत होत्या, की नवरा मधूनमधून पडद्याआडून येऊन मुलांना चॉकलेटं देऊन जायचा. नऊ तास दोन मुलं मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. सतत विमानप्रवास करून नवऱ्याच्या नावावर जमलेल्या गुणांवर पुढे कधीतरी त्यांनाही पुढची जागा मिळाली, तीही 'भेट' म्हणून. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरू शकला, कारण यांनी नोकरी सोडून घर धरून ठेवलं. ते गुण कमावले दोघांनी, खातं एकाचं.

आणि जी पोरगी 'काय खाणार?' विचारत होती, तिचंही थोडं सांगायला हवं. विमानातल्या या आदबशीर बायकांना आपल्या एअर इंडियात एके काळी काय अटी होत्या, आठवतं? नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिलं गरोदरपण आलं तर गेली. नाहीतर पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती. पुढे मुदत वाढवून देणं साहेबांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतर जणी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट आणि साहेबाची मर्जी रद्द केली, पण चार वर्षं लग्न नको ही अट योग्य ठरवली! म्हणजे पुढच्या वर्गात बसलेल्या बाईची ओळख 'सपत्नीक' एवढीच, आणि तिला जेवण वाढणारीनं मात्र कुणाची पत्नी व्हायचं नाही. विमानातल्या कामात बायकांना पुरुषांच्या वर पर्यवेक्षक होता येईल, यावर शिक्कामोर्तब व्हायला २०११ साल उजाडलं.

नवऱ्याबरोबर दूरच्या प्रवासाला निघालेल्या एका बाईची गोष्ट आमच्या घाटाला ठाऊक आहे. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार बोरघाटातल्या रेल्वेचं काम करायला पत्नीसह इकडे आला. आला आणि महिनाभराच्या आतच आजारानं गेला. अॅलिस ट्रेडवेलनं परतीची बोट धरली नाही. कंत्राट तिनं स्वतःकडे घेतलं, कामावर दोन अभियंते नेमले, आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. बोटीत चढताना तीही 'सपत्नीक'मधली पत्नीच होती. तिला थोर ठरवायला मी निघालेली नाही. त्या घाटात हजारो मजूर पटकीनं, तापानं आणि अपघातांनी मेले. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या आमच्याकडच्या बायका त्यांत होत्या, आणि त्यांचं नाव कुठल्याही कागदावर नाही. पण कागदावर नाव आलं की बाईचं काय होऊ शकतं, हे लोणावळ्याच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीनं खिडकीतून बोगदे बघताना आठवावं असं मला वाटतं.

वहिनीचं नाव कशावर आहे? बहिणींच्या हक्कसोडीनं तिच्या नवऱ्याची दोन एकराची आठ एकर झाली. त्यातली सहा त्यानं विकली. त्या खरेदीखतावर ती साक्षीदारसुद्धा नव्हती. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत त्याच्या हयातीत बायकोचं नाव आपोआप लागत नाही (घरात बापलेकांत वाटणी झालीच तर गोष्ट निराळी). तो मेला की ती वारस. म्हणजे हिश्श्यासाठी तिनं कुंकवाची किंमत मोजायची! शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमाराला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. १९९२ साली सरकारनंही नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. मोठाले पैसे लागत नाहीत त्याला. नवऱ्याची इच्छा लागते. आठ लाखांची तिकिटं काढणाऱ्या माझ्या भावाला या अर्जाबद्दल त्या लग्नात मी वहिनीसमोरच विचारलं. तो म्हणाला, ''तिला काय कमी आहे? अमेरिकेला नेऊन आणली की!''

मैत्रिणींनो, हे उत्तर नीट ऐका. हक्काच्या बदल्यात सहल. बहिणीला पैठणी, बायकोला खुर्ची. दोन्ही वस्तू छान असतात, आणि दोन्हींची पावती पुरुषाच्या खिशात असते. वहिनीकडे अमेरिकेहून आल्यावर पारपत्रावर दोन शिक्के आहेत आणि बँकेत तिच्या एकटीच्या नावावर काहीही नाही. उद्या तिला एकटीला पुण्याला बहिणीकडे चार दिवस जायचं झालं, तर लोणावळा-पुणे लोकलच्या तिकिटालाही ती हात पुढे करते. न्यूयॉर्कपर्यंत नेलेली बाई शिवाजीनगरला स्वतःहून जाऊ शकत नाही.

त्या दिवशी उठता उठता वहिनीनं मला विचारलं, ''तो नाव लावायचा अर्ज मराठीत असतो ना?'' असतो, म्हटलं. तलाठ्याकडे चौकशी कर. सही मात्र त्याची लागेल. ती काही बोलली नाही.

माझं सांगायचं तर, वाटपात मला आलेली दोन एकरं नेमकी रस्त्याच्या तोंडाशी आहेत. ज्यानं भावाची सहा एकर घेतली, त्याला आता आत गाड्या न्यायला वाट हवी आहे. मागच्या महिन्यात आत्याकरवी निरोप आला, 'झालं गेलं सोड, सही करून टाक. तुलाही भाऊ बिझनेस क्लासनं दुबईला नेईल.' मी आत्याबरोबर उलट निरोप पाठवला आहे. भाव बाजाराचा, चेक माझ्या नावाचा, आणि थोरल्या दोघींना त्यांच्या सोडलेल्या हिश्श्याबद्दल त्यानं काय द्यायचं ते आधी लेखी. दुबईला जायचं की नाही ते मी बघेन. गेले तर तिकीट मी काढीन. अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान यंदाही मी माझ्या खाचरांत इंद्रायणी लावला आहे.