काजळीतला उजेड कोणाचा?

२००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात काजळीतून कार्बनच्या सूक्ष्म नलिका वेगळ्या करण्याचे काम चालू असता, अतिनील प्रकाशात चमकणारे कण अनपेक्षितपणे हाती लागले. दहा नॅनोमीटरहूनही लहान अशा या कणांवर आज जगभर संशोधन चालू आहे. पेशीत शिरून ते तिची प्रतिमा उजळवितात, औषध वाहून नेतात. काही प्रकार तर बाहेरून पाडलेल्या प्रकाशाने तापून, किंवा प्राणवायूचे विनाशक रूप निर्माण करून, कर्करोगाच्या पेशी मारतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर हे दिसले आहे. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायचे आहे. म्हणूनच आज विचारले पाहिजे : हा उजेड कोणाच्या मालकीचा होणार?

२०१२ साली राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे कण चक्क संत्र्याच्या रसापासून बनविले. संस्था सरकारी, पैसा जनतेचा, कच्चा माल बाजारातला! त्याच वर्षी मुंबईत दुसरी घटना घडली. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध ९ हजार रुपयांच्या आत विकण्याचे बंधन घातले. रेणू तोच राहिला; बदलली ती मालकीची अट.

नफ्याची हमी नसेल तर संशोधन थांबेल, असे भांडवलाचे वकील म्हणतील. मानवी चाचण्यांना अफाट खर्च येतो हे खरेच. परंतु यशाची खात्री नसते त्या काळाचा बोजा करदात्याने वाहायचा आणि खात्री पटताच फळावर मक्तेदारी कंपनीची, हा कुठला न्याय?

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, म्हणून स्वस्त औषधांचा उद्योग या देशात उभा राहिला. २००५ च्या दुरुस्तीने ते कवच काढून घेतले. सक्तीच्या परवान्याचे कलम उरले, पण ते रुग्ण मरू लागल्यावर उपसायचे शस्त्र आहे. अट आधीच घातली पाहिजे. सार्वजनिक पैशातून लागलेला शोध एकाच कंपनीच्या हवाली होणार नाही आणि त्यातून निघालेल्या उपचाराची किंमत शासन ठरवील, हे अनुदानाच्या करारातच लिहिले जावे.

परळला टाटा रुग्णालयाभोवतीच्या पदपथावर पथारी टाकून बसलेल्या रुग्णाला या नव्या विज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सर्वांत अधिक उपयोग त्यालाच आहे. तो त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचा की नाही, हे प्रयोगशाळेत ठरत नसते. ते संसदेत ठरते, आणि तिथे ते ठरविण्यास भाग पाडणे हे आपले काम आहे.